क्लिनिकल कोरिलेशन कुणी करायचं?

पोटाच्या सोनोग्राफीचा कुठलाही रिपोर्ट उघडा. धंतोलीतला असो की धामणगावचा, तळाशी एक ओळ ठरलेली: क्लिनिकल कोरिलेशन करावे. म्हणजे पडद्यावर दिसलं ते आम्ही लिहिलं, रुग्णाच्या दुखण्याशी त्याचा मेळ तुमचा तुम्ही घाला. तीस वर्षं सर्जरी केल्यावर ही ओळ आता नजरेलाही पडत नाही. पण सध्या नागपुरातल्या डॉक्टरमंडळींत, आणि तितक्याच हिरिरीने रुग्णांच्या नातेवाइकांत, जो वाद रंगतो आहे तो ऐकताना ती सारखी आठवते.

वाद असा. एक पक्ष म्हणतो, हल्लीचे डॉक्टर पोटाला हातच लावत नाहीत. पेशंट ‘पोट दुखून राहिलं जी’ म्हणाला की पॅडवर सोनोग्राफी खरडतात आणि त्यातला वाटा खिशात जातो. दुसरा पक्ष म्हणतो, पोट चाचपून निदान करण्याचे दिवस गेले, आता ते अंदाजपंचे दाहोदर्से. उद्या ग्राहक आयोगात उभं राहायची वेळ आली तर हात काय पुरावा म्हणून दाखवणार? दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात आणि दोघेही न बोलता एकच गोष्ट धरून चालतात, की हात एका माणसाचा आणि यंत्र दुसऱ्या माणसाचं. माझं भांडण तिथे आहे. अचानक उठलेल्या पोटदुखीत सोनोग्राफी ही चिठ्ठी देऊन दुसरीकडे पाठवायची चाचणी राहता कामा नये. ज्याने पोटावर हात ठेवला त्यानेच, त्याच खाटेपाशी, पहिल्या तासाभरात प्रोबही, म्हणजे सोनोग्राफी यंत्राचा पोटावर फिरवायचा भागही, ठेवावा. मेळ घालायचा तर तो एकाच डोक्यात घातला जावा.

चिठ्ठी म्हणजे काय होतं, ते ज्याच्यावर वेळ आली नाही त्याला ठाऊक नसतं. रात्रीचे अकरा वाजलेले असतात. रुग्ण ओकतो आहे, सर्जनने केस पेपरवर ‘तोंडाने काही देऊ नये’ असं लिहिलं आहे. सोनोग्राफीच्या खिडकीतून निरोप येतो, लघवी भरल्याशिवाय आणू नका, लिटरभर पाणी पाजा. नातेवाइकांनी कुणाचं ऐकायचं? मी फार पूर्वी एका रुग्णालयात होतो तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांची एक मुलगी अशीच बाहेरच्या बाकावर बसवलेली होती. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हाताने ओटीपोट दाबून धरलेलं. घोट घेते, ओकते, पुन्हा घोट घेते. नंबर सातवा. वॉर्डातली एक सिस्टर कशालातरी तिथून चालली होती. तिला त्या मुलीच्या कपाळावरचा घाम आवडला नाही. तिने नाडी धरली आणि आरडाओरडा करून स्ट्रेचर मागवलं. गर्भ नळीत राहून नळी फुटली होती, पोटात दीड-दोन लिटर रक्त होतं. मुलगी वाचली, ती सिस्टरमुळे. यकृत आणि उजवं मूत्रपिंड यांच्यामधल्या फटीत साचलेलं रक्त पडद्यावर काळ्या पट्टीसारखं दिसतं. ते बघायला भरलेलं मूत्राशय लागत नाही, रिकामं पोट लागत नाही, नंबरही लागत नाही. शिकलेल्या हाताला एक-दोन मिनिटं लागतात.

आता ‘हात’वाल्यांचं म्हणणं. ते मी हलक्यात घेत नाही, कारण मी त्यांच्याच शाळेतला. आमचे सर राउंडला आले की पोट उघडं करून आधी मिनिटभर नुसतं बघायचे. मग दुखऱ्या जागेपासून लांब, कोमट केलेला हात ठेवायचे आणि रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहत राहायचे, पोटाकडे नाही. पोट लाकडासारखं कडक झालेलं असताना प्रोब घेऊन बसणारा डॉक्टर मला आजही मंजूर नाही. आतड्याला भोक पडलं आहे, उभ्याने एक एक्स-रे काढा आणि ऑपरेशन थिएटर मोकळं करा. हात शिकवणं थांबलं तर यंत्र कुठे ठेवायचं हेही कळणार नाही. इथवर सगळं मान्य. पण पुढे जेव्हा ‘हातच्या कांकणाला आरसा कशाला’ असं सुनावलं जातं, तेव्हा विचारावंसं वाटतं, हे कांकण खरंच इतकं स्पष्ट दिसत होतं का?

ते मोजून झालेलं आहे. इंग्लंडमधल्या लीड्समध्ये डी डोंबल नावाच्या सर्जनने १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पोटदुखीच्या ३०४ रुग्णांचं निदान संगणकाकडून करवलं. संगणक सुमारे ९२ टक्के वेळा बरोबर निघाला, रुग्णाला तपासणारा सर्वांत ज्येष्ठ डॉक्टर सुमारे ८० टक्के. पुढे हाच प्रयोग आठ रुग्णालयांत, सोळा हजारांहून जास्त रुग्णांवर झाला आणि १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्यातला आकडा जास्त बोचरा आहे. प्रयोग सुरू होण्याआधी डॉक्टरांचं पहिलं निदान बरोबर ठरायचं ते जेमतेम ४६ टक्के वेळा. प्रयोगाच्या काळात ते ६५ टक्क्यांवर गेलं. ही सुधारणा नुसत्या संगणकाने केली असं नाही. प्रत्येक रुग्णाला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारायचे, ठरलेला फॉर्म भरायचा आणि आपलं निदान चुकलं की बरोबर आलं हे नंतर कळवलं जायचं, एवढ्यानेच डॉक्टरांचे हात आणि कान सुधारले. हाताचे भक्त हा प्रयोग ‘यंत्रापेक्षा माणूस मोठा’ म्हणून सांगतात, यंत्राचे भक्त उलटा सांगतात. मला त्यातून दिसतं ते इतकंच, की एकटा हात निम्म्याहून जास्त वेळा चुकत होता आणि त्याला सोबत मिळाली की तो सुधारत होता.

आणि परंपरेच्या नावाखाली आम्ही काय काय केलं आहे! पोटदुखीच्या रुग्णाला निदान होईपर्यंत वेदनाशामक द्यायचं नाही, दुखणं झाकलं जाईल, हे आम्हाला घोकून घ्यायला लावलं होतं. माणसं रात्रभर विव्हळत पडायची आणि आम्ही सकाळच्या राउंडची वाट पाहायचो. नंतर रीतसर अभ्यास झाले तेव्हा दिसलं, की इंजेक्शन दिल्याने निदान चुकण्याचं प्रमाण वाढत नाही. इतकी वर्षं त्या लोकांनी सोसलं ते कशासाठी? जुन्या हाताचा मोठेपणा सांगताना हा हिशेबही मांडायला हवा.

यंत्रवाल्यांचीही एक बाजू खरी आहे आणि एक नाही. सोनोग्राफीतून पुष्कळ सुटतं. नेदरलँड्समध्ये हजाराहून जास्त रुग्णांवर झालेल्या २००९ च्या अभ्यासात तातडीचे आजार सोनोग्राफीने ७० टक्के पकडले, सीटी स्कॅनने ८९ टक्के. मग सरळ सगळ्यांचं सीटीच का करू नये? कारण त्याच अभ्यासात सर्वांत कमी चुका झाल्या त्या दुसऱ्याच वाटेने. आधी सर्वांची सोनोग्राफी करायची, आणि तिच्यात काही सापडलं नाही किंवा शंका उरली तरच सीटी. अशाने तातडीचे फक्त ६ टक्के आजार सुटले आणि सीटीची गरज निम्म्याच रुग्णांना पडली. पोटाच्या एका सीटीतला किरणोत्सर्ग म्हणजे निसर्गातून आपल्याला दोन-तीन वर्षांत मिळतो तेवढा. पंचविशीच्या पोरीला तो टाळता आला तर टाळावा, यात वाद नसावा. आणि भामरागडहून आलेल्या बापाला सीटीचे पैसे भरायला गळ्यातलं काय विकावं लागेल, हे आपल्याकडे वेगळं सांगावं लागत नाही.

पण सोनोग्राफीचं सुटणं आणि फसणं यांतला फरक चिठ्ठीवर नीट उतरत नाही. ‘अपेंडिक्स दिसले नाही’ या शब्दांचा अर्थ ‘अपेंडिक्सला सूज नाही’ असा होत नाही. पोटात गॅस असेल, अपेंडिक्स आतड्यामागे वळलेलं असेल, तर ते दिसतच नाही. नातेवाईक मात्र रिपोर्ट फडकवत येतात, साहेब, नॉर्मल आहे, सुट्टी द्या. १९८६ मध्ये प्युलार्ट नावाच्या डच डॉक्टरने अपेंडिक्स शोधायची जी रीत सांगितली, तिच्यात प्रोबने पोट हळूहळू दाबत न्यायचं असतं. गॅस बाजूला सरकतो, आणि सुजलेलं अपेंडिक्स सहा मिलीमीटरपेक्षा जाड, दाबलं तरी न चपटणारं, असं सापडतं. म्हणजे पुन्हा हातच! नेमकं कुठे दाबल्यावर रुग्ण ‘आई गं’ म्हणतो हे दाबणाऱ्याला कळतं. रिपोर्ट वाचणाऱ्याला नाही. अंधाऱ्या खोलीत, ज्याने रुग्णाशी चार वाक्यंही बोललेली नाहीत आणि ज्याच्यापुढे अजून वीस नंबर आहेत, त्याने काढलेल्या फिल्मवरून दुसऱ्याने निर्णय घ्यायचा, हे उंटावरून शेळ्या हाकणं नाही तर काय?

आपल्या भागातलंच उदाहरण घेतो, कारण ते परदेशातल्या आकड्यांत सापडायचं नाही. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघर नसला तरी गावोगाव आहे. नागपुरातलं मेडिकल रुग्णालय असो वा मेयो, गडचिरोली-गोंदियाकडची, नाहीतर पलीकडे बालाघाट-छिंदवाड्याची पोरं पोट धरून येतात आणि त्यातल्या काहींचं दुखणं सर्जरीचं नसतंच. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकलेल्या असतात. पोट दुखतं अगदी अपेंडिक्ससारखं. अशा पोराला भूल देऊन पोट उघडलं तर क्रायसिस, म्हणजे पेशी अडकून उठलेला हा झटका, आणखी बिघडतो. आता याची सोनोग्राफी करा. पित्ताशयात खडे दिसणार, कारण सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी सतत फुटत राहतात आणि पित्ताचे खडे लहान वयातच होतात. रिपोर्टवर ठळक अक्षरांत खडे, आणि दुखणं मात्र खड्यांचं नाही. यंत्राने खोटं काहीच सांगितलेलं नाही. पण प्रोब जिथे खड्यांवर टेकतो नेमकं तिथेच दुखतं का, पित्ताशयाची भिंत तीन मिलीमीटरहून जाड आहे का, पोराचे डोळे पिवळे आहेत का, हातपायही दुखतात का, घरात आणखी कुणाला आहे का, हे एकाच माणसाने एका दमात पाहिलं तर पाच मिनिटांत उलगडा होतो. तीन खिडक्यांवर वाटून दिलं तर पोरगं ऑपरेशन टेबलवर पोचतं.

सर्जनच्या हातात प्रोब दिला तर खरंच फरक पडतो का, हेही पाहिलं गेलं आहे. स्टॉकहोममध्ये पोटदुखीच्या ८०० रुग्णांपैकी निम्म्यांची सोनोग्राफी थोडं प्रशिक्षण घेतलेल्या सर्जननेच तपासताना केली, बाकीच्यांची नाही. पहिलं निदान बरोबर येण्याचं प्रमाण ५७ वरून ६५ टक्क्यांवर गेलं. आठ टक्के हा काही चमत्कार नव्हे. पण कॅज्युअल्टीत रात्री बारा माणसं पोट धरून आली तर त्यांतल्या एकाचं निदान बरोबर यायला तेवढे पुरतात.

आता खरा अडसर. इथे माझे रेडिओलॉजिस्ट मित्र आवाज चढवतात आणि त्यांची धास्ती निराधार नाही. पोट पाहायचा प्रोब आणि गर्भ पाहायचा प्रोब एकच आहे. आपल्या महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. बीडमध्ये ८०७. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये याच राज्याने केला. देशाचा कायदा १९९४ चा. तो कागदावरच राहतो आहे म्हणून २००० साली सेहत आणि मासूम या संस्था आणि कार्यकर्ते साबू जॉर्ज यांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा कुठे यंत्रांच्या नोंदणीला दात आले. तो कायदा सैल करा असं मी म्हणत नाही. जो म्हणेल त्याच्या बाजूला मी बसणार नाही. आणि गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी भरायच्या फॉर्म एफमधल्या चुका ‘कारकुनी’ म्हणून सोडून देता येणार नाहीत, असं न्यायालयाने २०१९ मध्ये पुन्हा बजावलं तेव्हा माझे बरेच व्यवसायबंधू चिडले होते. मी नव्हतो चिडलो. पाप याच व्यवसायाने केलं आहे.

फक्त कायद्यात काय लिहिलं आहे तेही वाचावं ना. गर्भलिंगनिदान होऊ नये म्हणून कायदा आहे. सर्जनने पित्ताशय पाहू नये म्हणून नाही. पोर्टेबल यंत्रावर २०१२ च्या नियमांनी बंधनं आणली, पण नोंदणी झालेल्या रुग्णालयाच्या आवारात, भरती असलेल्या रुग्णांसाठी ते वापरायला त्याच नियमांनी मुभा दिली. २०१४ च्या नियमांनी एमबीबीएस डॉक्टरसाठी सहा महिन्यांचं, तीनशे तासांचं प्रशिक्षण ठरवून दिलं आणि ते आहेच मुळी उदर आणि ओटीपोटाच्या सोनोग्राफीचं. नवा डॉक्टर नोंदणीत घ्यायचा तर तीस दिवस आधी कळवावं लागतं, एवढंच. गरोदर बाई असेल तर फॉर्म एफ भरायचाच. आणि त्या फॉर्मवर सोनोग्राफीची जी कारणं छापली आहेत त्यांतलं पहिलंच कारण गर्भ गर्भाशयात आहे की बाहेर हे पाहणं. बाकावर घोट घेत बसलेल्या त्या मुलीचं कारण कायद्याने यादीत सर्वांत वर ठेवलं आहे! मग अडवतंय कोण? बरीच रुग्णालयं कायद्याला नाही, कायद्याच्या कटकटीला भितात. यंत्र एका खोलीत, खोली एका नावावर, आणि ते नाव संध्याकाळी घरी. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार आहे हा. अडचण गैरसोयीची आणि नाव कायद्याचं.

गर्भलिंगनिदान होतं कुठे, हेही एकदा बोलू या. ते बंद दाराआड होतं. कॅज्युअल्टीत, जिथे एका खाटेभोवती सहा नातेवाईक, ट्रॉली ढकलणारे मामा, औषध काढणारी सिस्टर आणि अपघाताच्या केसमागे आलेला हवालदार उभा असतो, तिथे कुणी मुलगा-मुलगी सांगत बसेल हे पटतं का? तरीही नोंद असावी, प्रत्येक तपासणीची प्रतिमा यंत्रात राहावी, हवं तर यंत्राला खाटेशी साखळीने बांधा. माझी हरकत नाही.

रेडिओलॉजिस्टांचा दुसरा मुद्दा मला जास्त वजनदार वाटतो. अर्धवट शिकलेला प्रोब फिरवेल आणि ‘काही नाही’ म्हणून मोकळा होईल. होईल, झालेलं मी पाहिलं आहे. महाधमनी, म्हणजे हृदयातून निघून पोटात उतरणारी मोठी रक्तवाहिनी, फुगलेली असताना मुतखडा म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलेला माणूस मी विसरलेलो नाही. पण त्या माणसाला ज्याने पाठवलं त्याच्या हातात प्रोब नव्हता, नुसता हात होता. खाटेपाशी संपूर्ण पोटाचा रिपोर्ट लिहायचाच नाही. पाणी किंवा रक्त साचलं आहे का, मूत्रपिंड फुगलं आहे का, पित्ताशय दाबल्यावर दुखतं का, महाधमनी तीन सेंटिमीटरच्या पुढे आहे का, एवढ्याच प्रश्नांना ‘हो’ किंवा ‘सांगता येत नाही’ असं उत्तर द्यायचं. ‘नाही’ हे उत्तर रेडिओलॉजिस्टने द्यावं, आपल्या खोलीत, शांतपणे. यात त्यांचं काम कमी होत नाही. रात्री दोनला उठून रिकामी पोटं पाहण्याचं तेवढं वाचतं.

खरं तर या यंत्राच्या जन्माची गोष्टच त्यांच्याविरुद्ध जाते. १९५५ साली ग्लासगोचा इयान डोनाल्ड, जो रेडिओलॉजिस्ट नव्हता, स्त्रीरोगतज्ज्ञ होता, स्वतः ऑपरेशन करून काढलेल्या गाठी गाडीच्या डिकीत घालून बॉयलरच्या कारखान्यात गेला. लोखंडातली चीर शोधायचं तिथलं यंत्र या गाठींवर चालवून पाहिलं. पुढे एक बाई आली. पोट पाण्याने फुगलेलं, जठराचा कॅन्सर हाताबाहेर गेला असं ठरून चुकलेलं. यंत्राने दाखवलं की पाणी मोकळं नाही, पिशवीत आहे. अंडाशयाची भलीमोठी गाठ निघाली, काढली, बाई बरी झाली. १९५८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला तो निबंध पोटातल्या गाठींवरचा होता. ज्याने पोट चाचपलं, त्यानेच यंत्र लावलं आणि त्यानेच ऑपरेशन केलं. तीन खिडक्या नंतर आल्या.

राहिला कटचा, म्हणजे चिठ्ठीमागे खिशात जाणाऱ्या वाट्याचा प्रश्न. कट आहे. कट घेणाऱ्याला तो सोनोग्राफीत मिळाला नाही तर एमआरआयमध्ये मिळेल. पण एवढं पाहा, की कट चिठ्ठीवर मिळतो. स्वतःच्या हातातल्या प्रोबवर कोण कुणाला काय देणार?

परवा रात्री एका रुग्णालयात ओळखीच्यांच्या मुलाला बघायला गेलो होतो. कमरेतून जांघेत उतरणारी कळ, पोरगं एका जागी पडून राहीना. ड्युटीवरचा रेसिडेंट हुशार होता, पोट नीट पाहिलं, मुतखडा म्हणाला, इंजेक्शन दिलं आणि मग चाचरत म्हणाला, ‘सर, किडनी फुगली आहे का तेवढं बघता आलं असतं.’ सोनोग्राफीची खोली पंधरा पावलांवर. दाराला कुलूप. दारावर चिकटवलेल्या कागदावर यंत्राची नोंदणी, मुदत, शिक्का, सगळं जागच्या जागी. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांसाठी चार ओळी आखलेल्या होत्या. पहिल्या ओळीवर एक नाव होतं आणि खालच्या तीन कोऱ्या होत्या.